बोधाचा रतीब

मोबाइल रात्री चार्जिंगला लावला नाही तर सकाळी बंद पडतो, तसं प्रार्थना केली नाही की आत्म्याची बॅटरी उतरते. कुकरमध्ये वाफ कोंडल्याशिवाय डाळ शिजत नाही, तसं संकटाशिवाय माणूस घडत नाही. गूगल मॅप्स वळण चुकल्यावर नवा रस्ता दाखवतं, तसा प्रभूही आपल्याला कधी टाकत नाही. वायफायला पासवर्ड लागतो, तसा स्वर्गाचा पासवर्ड म्हणजे विश्वास.

या धाटणीचे मेसेज वसईतल्या ख्रिस्ती घरांत रोज सकाळी दुधाच्या पिशवीआधी पोचतात. खाली गुलाबाचं फूल, हात जोडल्याचं चिन्ह आणि ‘शुभ सकाळ’. हेच रील्समध्ये दिसतं, तरुणांच्या शिबिरांत ऐकू येतं आणि पुष्कळदा रविवारच्या प्रवचनातही. रोजच्या जगण्यातून आध्यात्मिक धडे शोधायचे, असं त्याचं नाव. काकू पाठवतात, मामा पाठवतात, कॉलेजातला मित्रही पाठवतो. सगळ्यांना ते गोड वाटतं. कुणी वाद घालत नाही, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नसतंच.

माझी तक्रार नेमकी तिथून सुरू होते. हा रतीब निरुपद्रवी नाही. ज्या जगण्याकडे तो बोट दाखवतो, त्याच जगण्याकडे बघायची आपली सवय तो मोडतो. आणि ज्या येशूच्या नावानं तो चालतो, त्याच्या बोलण्याच्या पद्धतीच्या तो अगदी उलट आहे.

आत काहीही टाका

प्रोग्रॅमिंग शिकताना सुरुवातीलाच फंक्शन शिकवतात. आत काहीतरी द्यायचं, बाहेर काहीतरी मिळतं. पाच दिले की पंचवीस, सहा दिले की छत्तीस. आता समजा कुणी असं फंक्शन लिहिलं की आत काहीही दिलं तरी बाहेर बेचाळीसच येतात. ते चालतं, कधी एरर देत नाही, टेस्टमध्ये अडकत नाही. पण कोड तपासणारा पहिला प्रश्न हाच विचारेल, की मग आत काही घेतोस तरी कशाला?

आपल्या बोधांचं असंच आहे. आत कुकर टाका, बाहेर येतं ‘विश्वास ठेवा’. पतंग टाका, ‘विश्वास ठेवा’. लिफ्ट, पेन्सिल, छत्री, सिमकार्ड, काहीही टाका, उत्तर ठरलेलं. कुकरच्या जागी इस्त्री ठेवून बघा. एक शब्द बदलला की मेसेज तयार. म्हणजे हा धडा कुकरनं शिकवलेला नाही. धडा आधीच खिशात होता, त्याला टांगायला फक्त एक खुंटी हवी होती.

ही सवय आपल्याला शाळेत लागते. गोष्ट वाचा आणि तात्पर्य लिहा, गुण दोन. ससा झोपला, कासव जिंकलं, तात्पर्य लिहिलं, वही मिटली. कासवाचं पुढं काय झालं, ससा का झोपला, मुळात त्या दोघांची शर्यत कुणी लावली, असलं विचारणाऱ्या मुलाला कुणी गुण देत नाही. मोठेपणी आपण तीच वही घेऊन जगभर फिरतो. दिसेल त्या गोष्टीखाली तात्पर्य लिहितो आणि वही मिटतो.

मिटलेल्या वहीत काय राहून जातं, ते कुकरच्याच उदाहरणात बघा. त्या मेसेजमध्ये दाब आहे, वाफ आहे, शिट्टी आहे. डाळ शिजवणारी बाई मात्र कुठेच नाही. ती पहाटे किती वाजता उठली, डबे भरून तिनं कुठली विरार–चर्चगेट पकडली, संध्याकाळी परत येऊन पुन्हा तोच कुकर कुणी घासला, यातलं काहीच नाही. बरं, मेसेज जातो तिलाच. तुझ्यावरचा दाब हा देवाचा स्वयंपाक आहे, असं तिला सांगितलं जातं. घरातल्या दुसऱ्या कुणी उठून कांदा चिरावा, असा धडा या कुकरमधून आजवर कुणी काढलेला माझ्या वाचनात नाही.

पण येशूही तेच करायचा ना?

लगेच उत्तर येतं, की येशूनं तरी काय केलं? बी, मीठ, दिवा, मेंढरं, खमीर, हरवलेलं नाणं. तोही रोजच्या वस्तूंतूनच शिकवायचा.

वस्तू रोजच्या होत्या, हे खरं. पण त्या दाखल्यांत घडतं काय, ते नीट बघा. आपल्याकडे वाडी करणाऱ्या कुठल्याही माणसाला पेरणाऱ्याचा दाखला सांगा. वाटेवर, खडकावर, काट्यांत बी फेकत सुटणारा शेतकरी? तो म्हणेल, ह्या माणसाला आधी बियाण्याचा भाव विचारा. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं उघड्यावर सोडून एकामागे जातो. कुठला मेंढपाळ असं करील? बाईला हरवलेलं नाणं सापडतं आणि ती शेजारणींना जमवून आनंद करते. त्या आनंदाला नाण्यापेक्षा जास्त खर्च आला असेल. दुसरी बाई खमीर घेते आणि तीन मापं पिठात घालते. तीन मापं म्हणजे वीस किलोच्या वर पीठ, शंभरएक माणसांचं जेवण. एका घरात एवढं पीठ का मळलं जातंय, हे दाखला सांगतच नाही.

प्रत्येक दाखल्यात असा एक खडा आहे. ऐकणारा शेतकरी, मेंढपाळ, घरातली बाई हे ऐकताना चमकलेच असणार, कारण त्यांना त्या कामाची माहिती होती. दाखला कळायला वस्तू नीट माहीत असावी लागते. आपल्या मेसेजमध्ये उलट आहे. तिथे वस्तूची माहिती जितकी कमी, तितका बोध गुळगुळीत. गूगल मॅप्स माणसाला कधीकधी बंद रस्त्यावर नेऊन सोडतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो मेसेज पाठवता येत नाही.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घ्या. मालक पहाटे नाक्यावर जातो आणि दिवसाची मजुरी ठरवून माणसं आणतो. नऊला, बाराला, तीनला पुन्हा जाऊन आणखी आणतो. संध्याकाळी पाचला जातो तर अजून काही जण उभेच. दिवसभर इथं रिकामे का उभे, असं विचारतो. ते सांगतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. त्यांनाही तो मळ्यात पाठवतो. संध्याकाळी सर्वांना सारखी मजुरी, पूर्ण दिवसाची, आणि वाटप शेवटच्यापासून. पहाटेपासून राबलेले चिडतात.

यावर वर्षानुवर्षं ऐकलेलं प्रवचन असं, की देवाची कृपा सर्वांना सारखी, म्हातारपणी पश्चात्ताप केला तरी स्वर्ग मिळतो. खोटं नाही. पण या प्रवचनात मजूर उरत नाहीत आणि मजुरी तर मुळीच नाही. वसई-नालासोपाऱ्यात सकाळी कुठल्याही मोठ्या नाक्यावर जाऊन बघा. थापी, घमेलं, रंगाचा ब्रश घेतलेली माणसं उभी असतात. दहा वाजेपर्यंत ज्याला कुणी नेलं नाही, तो बहुधा रिकामा परत जातो. दाखल्यातला मालक एकच गोष्ट ओळखतो, की पाचपर्यंत उभ्या राहिलेल्या माणसाच्या घरीही आज रात्री चूल पेटायची आहे आणि पोट काही तासांच्या हिशेबानं भुकेलं होत नाही.

हा दाखला माझ्या क्षेत्रात कुणी गंभीरपणे वाचला तर गोंधळ उडेल. आमचं सगळं आयुष्य टाइमशीटवर चालतं. किती तास बिल झाले, कुणाला किती रेटिंग, कोण वर, कोण खाली. त्याच इमारतीत हाऊसकीपिंगची माणसं कंत्राटदारामार्फत येतात, आणि आजारी पडल्याच्या दिवसाचे पैसे त्यांना मिळतात का, हे विचारायचं आम्हाला कधी सुचत नाही. आमच्या वाड्यांतही तेच. मजुरीला येणारी माणसं बहुतेक आदिवासी पाड्यांवरची किंवा परप्रांतातली. पाऊस आला आणि काम अर्ध्यात थांबलं तर त्या दिवसाचे किती द्यायचे? द्राक्षमळ्याचा दाखला हा प्रश्न थेट विचारतो. आपण तो स्वर्गात ढकलून दिला की खिशातून एक रुपयाही जात नाही. दाखल्याची सगळी धार त्या रुपयात होती.

अठरा माणसं, सतरा माणसं

बोध काढण्याच्या या घाईवर खुद्द येशूनं काय म्हटलं, तेही लूकच्या शुभवर्तमानात आहे, तेराव्या अध्यायात. यरुशलेमात सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. अशा वेळी लोकांच्या मनात एक धडा तयारच असतो, की ती माणसं पापी असणार, म्हणून त्यांच्यावर ही वेळ आली. येशू तो धडा नाकारतो. यरुशलेमात राहणाऱ्या बाकी सर्वांपेक्षा ते अठरा जण जास्त दोषी होते, असं समजता काय, असं तो विचारतो, आणि उत्तरही स्वतःच देतो, की नाही. मग बोट फिरवतो ऐकणाऱ्यांकडे आणि सांगतो, की तुम्ही बदलला नाहीत तर तुमचीही तीच गत होईल.

ऑगस्ट २०२५च्या शेवटी, गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री, बारा वाजून गेल्यावर, विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा एक भाग शेजारच्या चाळीवर कोसळला. सतरा माणसं मेली. ढिगाऱ्याकडे जाणारी वाट इतकी अरुंद होती, की मोठी यंत्रं आत न्यायलाच वेळ लागला. इमारत बेकायदा होती, असं महापालिकेनं सांगितलं.

अशा घटनेनंतर जे मेसेज फिरतात, त्यांचा साचा सगळ्यांना पाठ आहे. आयुष्य क्षणभंगुर आहे, आजचा दिवस देवाची देणगी समजा, आपलं घर खडकावर बांधा आणि तो खडक म्हणजे ख्रिस्त. यातलं शेवटचं तर मला सहन होत नाही. जिथे माणसं मेली ती सिमेंट, सळया आणि परवानगीचे कागद यांमुळे, तिथे आपण खडकाचा अलंकार वापरतो. घर वाळूवर बांधणाऱ्या माणसाचा दाखला येशूनं सांगितला तेव्हा त्यात पाया म्हणजे पायाच होता. पाऊस येतो, पूर येतो, वारा सुटतो, घर पडतं. सुताराच्या घरात वाढलेला माणूस तो सांगत होता.

सिलोआमचा धडा विरारला लावायचा तर तो मेलेल्यांना उद्देशून नाहीच. तो जिवंतांना आहे. स्वस्तात मिळतंय म्हणून कागद न बघता फ्लॅट घेणाऱ्यांना, आणि त्यांच्यापुढे दुसरा पर्याय न ठेवणाऱ्यांना. बांधणाऱ्यांना. बांधकाम उभं राहत असताना दुसरीकडे बघणाऱ्यांना. आणि आपल्यालाही, कारण या पट्ट्यात जिथे जिथे इमारत उभी राहिली तिथली जमीन कुणीतरी विकली आणि पैसे मोजून घेतले. विकणाऱ्यांत चर्चला जाणारी कुटुंबंही आहेत. बदला, हा शब्द त्या व्यवहाराला लागू आहे. ‘आयुष्य क्षणभंगुर आहे’ म्हटलं की त्यातून सगळे सुटतात, बिल्डरसुद्धा.

जिवंत पाणी आणि नळाचं पाणी

शोमरोनी बाई आणि येशू यांची विहिरीवरची भेट आपल्याकडे उपवासकाळात हमखास वाचली जाते. मग जिवंत पाणी, आत्म्याची तहान, यावर सुंदर बोललं जातं. वसईत ते ऐकताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. इथं पाणी हे कधीच नुसतं प्रतीक नव्हतं.

आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्या विहिरींवर आणि बावखलांवर जगल्या. बावखल म्हणजे वाडीलगतचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. समुद्र इतका जवळ असूनही केळी, पानवेल, फुलं, भाजी इथं पिकली ती त्या गोड पाण्यावर. पुढं लोकवस्ती वाढली, नव्या इमारतींना पाणी कमी पडू लागलं आणि विहिरींचं पाणी टँकरनं जाऊ लागलं. गोड्या पाण्याचा उपसा झाला की समुद्र आत सरकतो आणि विहीर मचूळ होते. त्यात अनेक बावखलं भराव टाकून बुजवली गेली, कारण पाण्यापेक्षा जागेला भाव जास्त होता.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालच्या मातीतले. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते बरीच वर्षं संपादक होते, त्यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं, २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि जुलै २०२४मध्ये ते गेले. बायबलमधल्या पाण्यावर हवी तितकी गोड प्रवचनं त्यांना करता आली असती. पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. टँकरनं पाणी कोण नेतंय, शेतजमिनी कुणासाठी खुल्या होताहेत, हे प्रश्न घेऊन धर्मगुरू रस्त्यावर उतरला. त्याची किंमत धमक्यांत मोजावी लागली. पाण्यातून अध्यात्म शिकायचं ते असं शिकावं. त्यात विहिरीचं नाव असतं, टँकरवाल्याला राग येतो आणि आपल्याला मोर्चात जावं लागतं.

आणि तो धडा आपल्या विरुद्धही जाऊ शकतो. आज वसई-विरारच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग सूर्या प्रकल्पाचा आहे. तो प्रकल्प मुळात उभा राहिला डहाणू, पालघर, विक्रमगड भागातल्या शेतीसाठी, जिथे शेतकरी मुख्यतः आदिवासी आहेत. पुढे त्यातलं पाणी शहरांकडे वळलं आणि त्याविरुद्ध तिकडच्या लोकांनी आवाज उठवला. आता विहिरीवरची गोष्ट पुन्हा वाचा. येशू त्या बाईकडे पाणी मागतो, आणि ती चकित होते, कारण यहूदी माणूस शोमरोन्याच्या हातचं पाणी मागत नसतो. गोष्टीची सुरुवातच मुळी इथं आहे, की पाणी कुणाचं, कुणी कुणाकडे मागायचं, कुणाच्या हातचं प्यायचं. नळ सोडताना हे पाणी कुणाच्या शेताचं होतं, हे आठवलं तर शोमरोनी बाई आपल्याला डहाणूच्या बाजूला भेटते. मग आत्म्याच्या तहानेवर बोलणं सोपं राहत नाही.

जुलै २०१८मध्ये पावसानं वसई बुडाली, गाड्या बंद पडल्या, वीज गेली, मिठागरातली कुटुंबं पाण्यात अडकून पडली. पूर आला की आपल्याकडे नोहाचं तारू आठवतं, ख्रिस्त हेच आपलं तारू. मान्य. पण पाणी आधी कुठं जायचं, ती जागा कुणी भरली, हे विचारल्याशिवाय नोहाकडे जायची घाई कशाला? नोहानं निदान लाकूड मोजून तारू बांधलं होतं.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की साध्या माणसाला साधा दिलासा मिळतोय, तो कशाला हिरावून घेता? आजारी आजीला सकाळी ‘देव सोबत आहे’ असं कुणी पाठवलं तर तिला बरं वाटतं. वाटू दे. ते वाक्य थेट लिहा, कुकर आणि वायफाय मध्ये न आणता. शक्य असेल तर फोन करा, त्याहून शक्य असेल तर जाऊन बसा. ‘देव सोबत आहे’ हे कळायला कुणीतरी सोबत असावं लागतं. साधी माणसं उपमेवर भागवून घेतात, हा समज साध्या माणसांबद्दलचा तुच्छभाव आहे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका एका वाक्यात ओळखतात, की हा माणूस बोलतोय की पाठ म्हणतोय.

दुसरा आक्षेप तरुणांच्या नावानं येतो. त्यांना त्यांच्या भाषेत सांगायला नको का? म्हणून वायफाय, ॲप, डाउनलोड. इथे कार्लो अकुतीसचं उदाहरण देतात. २००६मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियानं गेलेला हा इटालियन मुलगा, कॉम्प्युटरची आवड असलेला, सप्टेंबर २०२५मध्ये संत म्हणून घोषित झाला. आता पोस्टरवर तो जीन्स घालून, हातात लॅपटॉप घेऊन उभा असतो आणि खाली लिहिलेलं असतं की इंटरनेटवरही देव भेटतो. कार्लोला ओळखणारे सांगतात, की तो मिलानच्या रस्त्यांवर झोपणाऱ्यांना जेवण, अंथरूण नेऊन द्यायचा आणि गेम खेळण्याला स्वतःच मर्यादा घालून घ्यायचा. पोस्टरवर लॅपटॉप आला, झोपण्याची पिशवी नाही आली. तरुणांची भाषा म्हणजे तरुणांच्या हातातली यंत्रं, एवढंच आपण समजलो. तरुणांचे प्रश्न म्हणजे भाडं, नोकरी, ईएमआय, आई-वडिलांना न सांगितलेलं नैराश्य. त्या भाषेत बोलणारं प्रवचन निघालं तर चर्चची मागची बाकं भरतील.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सर्व गोष्टींत देव शोधा, हे इग्नेशियसच्या परंपरेचं शिकवणं आहे. आणि मराठी मातीत तर हे जुनंच आहे. अरणच्या सावता माळ्याला मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसला. मग कुकरमध्ये का दिसू नये?

जरूर दिसावा. पण सावता माळ्यानं मळा सोडला नाही, हे विसरू नका. तो खुरपं हातात घेऊन उभा होता. त्याची भाजी कुणाची उपमा नव्हती, ती भाजीच होती आणि तिथेच विठ्ठल होता. आपण मात्र वस्तूवर क्षणभर टेकून तिच्यापलीकडे उडी मारतो. आपल्या ख्रिस्ती मराठीतही याचं उत्तम उदाहरण आहे, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लगेच त्यांच्यामागे गेल्या नाहीत. सोवळं, चूल, पाण्याचं भांडं यांत त्या अडकून होत्या, आणि ते त्यांनी सुटत सुटत सोडलं. पुस्तकभर भांडीकुंडी, प्रवास, भांडणं, फजिती. तात्पर्य जवळजवळ नाहीच. तरी वाचणाऱ्याला कळतं, की या बाईचा विश्वास पाण्याच्या भांड्याशी बदलला. आधी जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, नंतर तिच्या हातचं चालू लागलं. रोजच्या जीवनातला धडा म्हणतात तो हा. तो शिकायला तिला वर्षं लागली.

आधी लॉग वाचा

मग करायचं काय? मेसेज बंद करून गप्प बसायचं?

सॉफ्टवेअर बिघडलं की नवा मुलगा लगेच सांगतो, सर, नक्की डेटाबेसचाच प्रॉब्लेम आहे. जुना माणूस म्हणतो, आधी लॉग वाच. काय झालं, किती वाजता झालं, कुठल्या ओळीवर झालं. निष्कर्ष नंतर. इग्नेशियसनं सोळाव्या शतकात शिकवलेली दिवसाची तपासणी मला याच्या फार जवळची वाटते. संध्याकाळी बसायचं, आभार मानायचे आणि दिवस तासातासानं उलगडायचा. कोण भेटलं, मी काय बोललो, कुठं मन दुखलं, कुठं मी तोंड फिरवलं. बोध त्यात शेवटी येतो, कधी येतही नाही. आणि येतो तेव्हा तो त्याच दिवसाचा, त्याच माणसाबद्दलचा असतो. तो फॉरवर्ड करता येत नाही.

विरार फास्टचंच घ्या. तयार बोध असा, की जीवन हा प्रवास आहे, आपलं स्टेशन आलं की उतरायचं. आता लॉग वाचू. तिघांच्या बाकावर चौथी सीट असते, म्हणजे अर्धी मांडी टेकण्यापुरती जागा. ती मागणाऱ्याला मी सरकून दिली की झोपेचं सोंग घेतलं? बोरिवलीला उतरणारा माणूस विरार फास्टमध्ये चढला म्हणून दारातल्या टोळक्यानं त्याला अडवलं, शिव्या घातल्या, तेव्हा मी कुठं बघत होतो? माझा शेजारी कोण, या प्रश्नावर येशूनं एक परका माणूस उभा केला. विरार फास्टमध्ये तो परका बोरिवलीला उतरतो. हा धडा स्टेशनच्या उपमेपेक्षा लहान आहे, आणि उद्या सकाळी ७.४०ला त्याची परीक्षा आहे.

खऱ्या धड्याची माझ्यापुरती एकच खूण आहे. तो ऐकल्यावर कुणाचं तरी काहीतरी जातं. जागा, पैसे, वेळ, चारचौघांतलं नाव. मजुराला पूर्ण दिवसाचे दिले तर खिशातून जातात. बावखल बुजवायला नकार दिला तर प्लॉट जातो. कांदा चिरायला उठलो तर क्रिकेटची दोन षटकं जातात. ज्या बोधानं कुणाचंच काही जात नाही, तो शुभ सकाळचं चित्र आहे. त्याला शुभवर्तमान म्हणू नये.

सांडोरच्या चर्चला सेंट थॉमसचं नाव आहे. थॉमसची गोष्ट आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकतो आणि तिचंही तात्पर्य पाठ करतो, की शंका घेऊ नये. येशू उठला आहे, असं बाकीचे शिष्य त्याला सांगत होते. ती बातमी खरी होती. तरी तो म्हणाला, खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय, कुशीत हात घातल्याशिवाय मी मानणार नाही. आठ दिवसांनी येशू आला तेव्हा त्यानं थॉमसला हाकलून दिलं नाही. आधी हात पुढे केले, कूस पुढे केली. न पाहता मानणाऱ्यांना त्यानं धन्य म्हटलं, पण ते त्यानंतर. आणि पुन्हा उठलेल्या त्या देहावरही जखमा तशाच होत्या, पुसल्या नव्हत्या.

ज्या गावाचा आश्रयदाता संत असा आहे, त्या गावातल्या माणसांनी तरी तयार उत्तरांवर इतक्या लवकर आमेन म्हणू नये. विरारचा ढिगारा, नाक्यावरचा मजूर, मचूळ झालेली विहीर, पहाटेचा कुकर. आधी जखमेला हात लावू. आपल्या तोंडून काही निघायचं असेल तर ते त्यानंतर निघेल, थॉमसच्या निघालं तसं.